ओट्यावरचा ग्रॅनाइट, पायाखालचा ग्रॅनाइट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी पांडवलेणी नाहीतर अंजनेरीच्या पायथ्याशी मुलांना आणि त्यांच्या पालकांना घेऊन दगड बघत फिरायचं, हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. फिरणं दोन तासांत आटोपतं, प्रश्न मात्र आठवडाभर फोनवर येत राहतात. गंमत अशी की आम्ही बघतो बेसॉल्ट आणि प्रश्न निम्मे ग्रॅनाइटचे, कारण स्वयंपाकघरात रोज हात लागतो तो त्यालाच. तेच तेच उत्तर टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून इथे एकत्र लिहिलं आहे. प्रश्न विचारणाऱ्यांच्या शब्दांत ठेवलेत.

१. सर, ग्रॅनाइट म्हणजे नेमका कोणता दगड?

जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल शिलारस सावकाश थिजून झालेला, नुसत्या डोळ्यांना सुटे दाणे दिसतील इतका भरड अग्निजन्य खडक. पण एवढ्यावर भागत नाही. त्यात गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, भरपूर हवी आणि फेल्डस्पार नावाच्या खनिजाच्या दोन जाती हव्यात. हिशेब असा मांडतात: गारगोटी आणि सगळं फेल्डस्पार मिळून शंभर धरायचे, त्यात गारगोटी २० ते ६० हवी. फेल्डस्पारमध्ये सोडियम-कॅल्शियमचं प्लॅजिओक्लेज १० ते ६५ टक्के आणि बाकीचं अल्कली फेल्डस्पार, म्हणजे मुख्यतः पोटॅशियमचं. प्लॅजिओक्लेज ६५ च्या पुढे गेलं की दगडाचं नाव बदलून ग्रॅनोडायोराइट होतं, ९० च्या पुढे गेलं की टोनालाइट. दुकानात हे सगळे ग्रॅनाइट म्हणूनच विकले जातात आणि त्यात फारसं बिघडत नाही. बिघडतं ते काळ्या दगडापाशी. त्यासाठी प्रश्न ५ पाहा.

उरलेल्या जागेत काळं अभ्रक (बायोटाइट), कधी पांढरं अभ्रक (मस्कोव्हाइट), कधी हॉर्नब्लेंड असतं. झिरकॉन, अ‍ॅपेटाइट, मॅग्नेटाइट ही मंडळी चिमूटभरच, पण त्यातल्या झिरकॉनचं मोल मोठं आहे (प्रश्न ११).

२. ओट्यावरचा कोणता ठिपका कशाचा, हे घरी कळेल का?

कळेल, पण पॉलिशवर नाही. सिंकसाठी कापलेला तुकडा गॅलरीत नाहीतर दारामागे पडलेला असतो ना, तो घ्या. जुन्या गोणपाटात गुंडाळून हातोडीने कोपरा उडवा. डोळ्यात कपची उडणार नाही एवढं बघा. आता ताजी फुटलेली बाजू उन्हात धरून हळूहळू फिरवा.

एका विशिष्ट कोनात काही दाणे आरशासारखे लखकन चमकतील आणि लगेच विझतील. ते फेल्डस्पार. ते ठरावीक सपाट प्रतलांवरच फुटतं, म्हणून चमकतं. गुलाबी किंवा पांढरट मोठे दाणे बहुधा त्याचेच. नीट पाहिलंत तर एखाद्या दाण्याचा अर्धाच भाग चमकलेला दिसेल, मधोमध सरळ रेघ आणि पलीकडचा अर्धा मंद. दगड थोडा फिरवला की पाळी बदलते. ते जुळे स्फटिक, एकमेकांना चिकटून वाढलेले. मुलांना हे दाखवलं की पुढचा अर्धा तास ती दगड खाली ठेवत नाहीत.

करडे, काचेसारखे, फिरवले तरी लखलखाट न करणारे, फुटलेल्या बाटलीसारखे वेडेवाकडे तुटलेले दाणे ते गारगोटी. सुरीने तिच्यावर ओरखडा पडत नाही. काळे चकचकीत पापुद्रे सुरीच्या टोकाने सुटून आले तर अभ्रक; काळे असून सुटत नसतील तर हॉर्नब्लेंड असण्याची शक्यता जास्त.

३. नाशिकचा काळा दगड म्हणजे काळा ग्रॅनाइटच ना?

नाही. काळाराम मंदिर, त्र्यंबकेश्वर, सिन्नरचं गोंदेश्वर, पांडवलेण्यांचा अख्खा डोंगर, आजीचं जातं आणि पाटा-वरवंटा, रस्त्यावरची खडी, सगळा बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हाच्या थरांचा. लाव्हा उघड्यावर झटकन थिजला, दाणे वाढायला वेळच मिळाला नाही, म्हणून तो बारीक पोताचा. त्यात सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग) ५० टक्क्यांच्या जवळपास आणि लोह भरपूर. ग्रॅनाइटमध्ये सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास आणि लोह अगदी थोडं. गारगोटीचे दाणे बेसॉल्टमध्ये जवळजवळ नसतातच.

वजनातही फरक आहे. एक घनफूट ग्रॅनाइट साधारण ७५ किलो भरतो, तेवढाच घट्ट बेसॉल्ट ८२ च्या घरात. पाथरवटांना हे तराजूशिवाय कळतं.

४. मग नाशिक जिल्ह्यात ग्रॅनाइट कुठे बघायला मिळेल?

उघड्यावर कुठेच नाही. साल्हेर चढा, ब्रह्मगिरी चढा, पायाखाली लाव्हाचेच थर. महाराष्ट्रात तो बघायचा तर नांदेडकडे देगलूर-बिलोलीच्या बाजूला, विदर्भात भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे, नाहीतर खाली सिंधुदुर्गात. म्हणजे लाव्हाची चादर जिथे संपते तिथे.

पण चादरीखाली काय आहे? १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला भोक पाडलं, तेव्हा ३३८ मीटर बेसॉल्ट, मग काही मीटर जुना गाळ आणि त्याखाली ग्रॅनाइट-नीस (नीस म्हणजे दाबाखाली रूपांतरित झालेला पट्टेदार खडक) लागला. कोयना भागात भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल गेले, तिथे सुमारे १,२४७ मीटरवर बेसॉल्ट संपला आणि ग्रॅनाइटी पाया सुरू झाला. लाव्हा येण्याआधी इथली जमीन अशाच दगडाची होती. नाशिकच्या खालीही खोलवर तोच पाया असणार, असं मानायला त्यामुळे जागा आहे. म्हणून कोणी ‘नाशिकला ग्रॅनाइट नाही’ म्हटलं की मी ‘दिसत नाही’ अशी दुरुस्ती करतो.

५. दुकानदाराने ‘प्युअर ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून दिला. आता तुम्ही म्हणता ग्रॅनाइट नाही. फसवलं का?

फसवलं म्हणता येणार नाही. दगडाच्या व्यापारात जो कठीण, दाणेदार, पॉलिश घेणारा आणि संगमरवर नसलेला, तो ग्रॅनाइट. शास्त्राच्या व्याख्येत मात्र पूर्ण काळा ग्रॅनाइट बसतच नाही. गारगोटी आणि फेल्डस्पार बहुसंख्य असताना दगड कोळशासारखा काळा होणार कसा? ते काळे दगड बहुतेक डोलेराइट किंवा गॅब्रो असतात. आंध्रातल्या चिमकुर्तीचा सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ गॅब्रोच्या कुळातला. ते ठिपके ब्राँझाइट नावाच्या खनिजाचे, सोन्याचे नव्हेत.

मजा अशी की डोलेराइट आणि गॅब्रो रसायनाने आपल्या बेसॉल्टचेच सख्खे भाऊ, फक्त जमिनीखाली जरा निवांत थिजलेले. म्हणजे आपण शेकडो किलोमीटरवरून, फुटाला चांगला दर मोजून, काळारामाच्या दगडाचा भरड भाऊ ओट्यावर आणून बसवतो. माझ्याही घरी तोच आहे. बसवताना मी गावाला गेलो होतो, आणि घरात यावर पुन्हा बोलायचं नाही असं ठरलं आहे.

खरी गल्लत कडप्प्याशी होते. कडप्पा हा काळसर चुनखडक. लिंबाचा थेंब टाकून दहा मिनिटांनी पुसा: कडप्प्यावर, शहाबादी फरशीवर आणि संगमरवरावर चमक उतरून डाग पडतो; ग्रॅनाइट, गॅब्रो, बेसॉल्ट लिंबाला दाद देत नाहीत. अर्थात परीक्षा कोपऱ्यात करा, मधोमध नको.

६. ग्रॅनाइट तयार कसा होतो?

पुस्तकात ‘शिलारस थंड होऊन’ एवढंच असतं. पण तो शिलारस आला कुठून, हीच खरी गोष्ट आहे.

पृथ्वीचं प्रावरण थोडंसं वितळलं तर त्यातून बेसॉल्टचा रस निघतो, ग्रॅनाइटचा नाही. ग्रॅनाइटला एक पायरी जास्त लागते. आधीच तयार असलेलं भूकवच तळाशी तापतं: कधी खालून आलेल्या बेसॉल्टी रसाने, कधी दोन खंड आदळून कवच जाड झाल्याने. तापलं तरी सगळा खडक एकदम वितळत नाही. वेगवेगळ्या खनिजांचं मिश्रण आधी कडांशी, जिथे गारगोटी, दोन्ही फेल्डस्पार आणि पाणी एकत्र भेटतात तिथे पाझरायला लागतं. पाण्याशिवाय हे मिश्रण वितळायला ९५० अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं. दाबाखाली पुरेसं पाणी असेल तर ६५० ते ७०० अंशांत काम होतं. हे पाणी मोकळं वाहणारं असेलच असं नाही. बरंचसं अभ्रक आणि हॉर्नब्लेंड यांच्या स्फटिकात बांधलेलं असतं आणि ती खनिजं मोडली की सुटतं.

पाझरलेला रस भोवतालच्या खडकापेक्षा हलका असतो. थेंबाथेंबाने गोळा होऊन तो भेगांतून वर सरकतो आणि कवचात मध्येच, कुठे पाच, कुठे पंधरा किलोमीटर खोलीवर अडतो. वर दगडाचं जाड पांघरूण असल्याने निवायला हजारो-लाखो वर्षं घेतो. सावकाश निवल्याने आणि रसात पाणी असल्याने स्फटिकांना वाढायला सवड मिळते.

दुसरा मार्गही आहे. बेसॉल्टचाच रस खोल टाकीत राहिला, लोह-मॅग्नेशियमची खनिजं आधी स्फटिक होऊन बाजूला झाली, तर उरलेल्या रसात सिलिका वाढत जाते आणि शेवटच्या घोटात ग्रॅनाइटचं माप उतरतं. पण भरपूर बेसॉल्टातून असा ग्रॅनाइट थोडाच निघतो. प्रचंड मोठे ग्रॅनाइट केवळ या वाटेने झाले असं म्हणणं कठीण जातं. बहुतेक ठिकाणी दोन्ही वाटा एकमेकींत मिसळलेल्या सापडतात.

७. म्हणजे आपला दख्खनचा लाव्हा हळूहळू थंड झाला असता तर ग्रॅनाइट झाला असता?

नाही, गॅब्रो झाला असता. हळू थंड होण्याने दाणे मोठे होतात, घटक बदलत नाहीत. उलट्या बाजूनेही तसंच: ग्रॅनाइटचा रस पृष्ठभागावर येऊन चटकन थिजला की त्याला रायोलाइट म्हणतात. बेसॉल्ट-गॅब्रो ही एक जोडी, रायोलाइट-ग्रॅनाइट ही दुसरी. परीक्षेला बसणाऱ्यांनी एवढ्या दोन जोड्या पाठ केल्या तरी निम्मे गोंधळ मिटतील. एक अपवाद आहे, तो प्रश्न १४ मध्ये.

८. वितळूनच झाला हे कशावरून? कोणी पाहिलं?

अगदी रास्त शंका, आणि यावर दोनशे वर्षं भांडणं झाली. १८व्या शतकात जर्मन भूशास्त्रज्ञ वेर्नरच्या पंथाचं म्हणणं होतं की ग्रॅनाइट आदिम समुद्रातून साखरेसारखा तळाशी बसला आणि तोच सर्वांत जुना खडक. १७८५ मध्ये स्कॉटिश भूशास्त्रज्ञ जेम्स हटन स्कॉटलंडच्या ग्लेन टिल्ट दरीत गेला. तिथे तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा काळपट शिस्ट खडकाला चिरत आत घुसलेल्या दिसल्या. ज्याला चिरलं तो आधीचा, चिरणारा नंतरचा आणि घुसताना पातळ. वाद तिथेच मिटायला हवा होता, पण २०व्या शतकात पुन्हा पेटला: ग्रॅनाइट वितळला, की जुने खडक घन अवस्थेतच बदलत बदलत ग्रॅनाइट झाले?

१९५८ मध्ये टटल आणि बोवेन या संशोधकांनी प्रयोगशाळेतली उत्तरं मांडली. गारगोटी आणि दोन फेल्डस्पार यांची मिश्रणं पाण्याच्या दाबाखाली वितळवली, तर सर्वांत कमी तापमानाला वितळणारं मिश्रण नेमकं निसर्गातल्या ग्रॅनाइटच्या मापाचं निघालं. जगभरच्या हजारभर ग्रॅनाइटांची विश्लेषणं त्याच तळाभोवती गर्दी करून होती. कवच कुठेही थोडं वितळलं की असाच रस निघणार, म्हणून खंडोखंडी ग्रॅनाइट सापडतो.

९. एवढा मोठा गोळा आत शिरला, तर आधीचा दगड गेला कुठे?

हा प्रश्न आठवीतल्या एका मुलीने विचारला होता. भूशास्त्रज्ञ अजूनही यावर कागद खर्च करतात. १०० चौरस किलोमीटरपेक्षा जास्त उघडा पडलेला ग्रॅनाइटचा देह म्हणजे बॅथोलिथ. लहान असेल तर स्टॉक. आधीचा खडक काही बाजूला रेटला जातो, काही छताचा उचलला जातो, काही तुकडे तुटून रसात बुडतात. असे अर्धवट पचलेले काळपट तुकडे ग्रॅनाइटात जागोजाग दिसतात. पॉलिश केलेल्या फरशीत लाडवातल्या बेदाण्यासारखा एखादा काळा गोळा दिसला की दुकानदार त्याला डाग म्हणून सूट देतो. मी असलाच तुकडा मुद्दाम मागून आणला.

शिवाय सगळं एकदम शिरत नाही. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेव्हाडामधला टुओलमी हा मोठा ग्रॅनाइटी देह सुमारे एक कोटी वर्षांत टप्प्याटप्प्याने भरला गेल्याचं वयमापनावरून दिसलं आहे. घरात पाहुणे एकेक करून आले तर जागा होतेच.

१०. खोल तयार झाला, मग हंपीला डोंगरावर कसा?

वरचं पांघरूण झिजून गेलं. वजन उतरलं की ग्रॅनाइट फुगतो आणि कांद्यासारखे जाड पापुद्रे सुटतात. उभ्या-आडव्या सांध्यांतून पाणी शिरतं, ठोकळ्यांचे कोपरे आधी कुजतात आणि उरतात ते एकमेकांवर तोललेले गोल धोंडे. कर्नाटकातल्याच रामनगराजवळचा क्लोजपेट ग्रॅनाइट असाच, सुमारे २५० कोटी वर्षांचा आणि दक्षिणोत्तर जवळजवळ ४०० किलोमीटर लांब. आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे, कारण ते थरांचे; तिकडचे गोट्यांच्या राशीसारखे, कारण तिथे थरच नाहीत.

११. २५० कोटी वर्षं, हे मोजलं कसं?

झिरकॉनने. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा हा स्फटिक वाढताना थोडं युरेनियम आत घेतो पण शिशाला दारातच अडवतो. पुढे आतल्या युरेनियमचं हळूहळू शिसं होतं: युरेनियम-२३८ निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३५ ला सुमारे ७० कोटी. एकाच डबीत दोन घड्याळं. दोन्हींची वेळ जुळली तर वय पक्कं. काही झिरकॉनच्या पोटात आणखी जुना झिरकॉन सापडतो. तो वितळलेल्या मूळ खडकातला, न विरघळता टिकलेला.

१२. सगळे ग्रॅनाइट सारखेच का?

नाही. १९७४ मध्ये चॅपेल आणि व्हाइट या भूशास्त्रज्ञांनी आग्नेय ऑस्ट्रेलियातले ग्रॅनाइट बघून दोन घराणी मांडली. जुन्या अग्निजन्य खडकातून वितळलेले आय-प्रकारचे. त्यांत हॉर्नब्लेंड आढळतं. चिखल-मातीच्या गाळाच्या खडकातून वितळलेले एस-प्रकारचे. त्यांत अ‍ॅल्युमिनियम जास्त, म्हणून पांढरं अभ्रक, कधी गार्नेट. आपल्याकडे दोन्ही आहेत: लडाखचा बॅथोलिथ पहिल्या घराण्याचा, समुद्रतळ आशियाखाली जात असताना झालेला. उच्च हिमालयातले फिकट, सुमारे दोन कोटी वर्षांचे ग्रॅनाइट दुसऱ्या घराण्याचे. पुढे आणखी नावं जोडली गेली, आणि प्रत्येक ग्रॅनाइट एका खणात बसेल असा आग्रह धरू नये.

गुलाबी रंग कशाने, हेही बरेच जण विचारतात: पोटॅशियम फेल्डस्पारमधल्या हेमेटाइटच्या अतिसूक्ष्म कणांनी. रंगावरून वय किंवा घराणं सांगता येत नाही.

१३. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातले स्फटिक ग्रॅनाइटमधलेच ना?

नावामुळे तसं वाटतं. तिथली ओळख झालेली खनिजं म्हणजे स्टिलबाइट, ह्यूलंडाइटसारखी झिओलाइट आणि त्यांच्या सोबतीचं अ‍ॅपोफिलाइट. ती बेसॉल्टमधल्या वायूच्या पोकळ्यांत, नंतर झिरपलेल्या गरम पाण्यातून वाढली. ग्रॅनाइटच्या जगात मोठे स्फटिक पेग्मटाइटमध्ये मिळतात. ग्रॅनाइट जवळजवळ थिजल्यावर उरलेला पाणीदार रस शिरांत शिरतो आणि हातभर, कधी त्याहून मोठी अभ्रकं वाढतात. झारखंडातल्या कोडरम्याचं अभ्रक असं.

गोदावरीच्या वाळूतही ग्रॅनाइट शोधू नका. सोमेश्वरच्या खालची मूठभर वाळू वाळवा, लोहचुंबक पातळ पिशवीत गुंडाळून फिरवा. काळ्या कणांची मिशी उगवते, ती बेसॉल्टमधलं मॅग्नेटाइट. प्राणहिता आणि इंद्रावती पूर्वेकडून गारगोटी आणून घालतात ते पार खाली.

१४. दख्खनच्या ज्वालामुखींनी एकही ग्रॅनाइट दिला नाही?

इथे माझं प्रश्न ७ मधलं उत्तर थोडं लंगडं पडतं. सौराष्ट्रात गिरनार हा त्याच काळातला खोल थिजलेला देह आहे. त्यात गॅब्रो, डायोराइट, सायनाइट सापडतात. बरडा टेकड्यांत ग्रॅनोफायर आहे, म्हणजे गारगोटी आणि फेल्डस्पार एकमेकांत गुंतून वाढलेला, घटकांनी ग्रॅनाइटसारखाच खडक. पावागडावर रायोलाइट आहे, मुंबईत मढ-मनोरीकडेही. म्हणजे सिलिकाने भरलेला रस झाला, पण बेसॉल्टच्या अफाट राशीपुढे चवीपुरता, आणि तोही मुख्यतः पश्चिमेच्या कडेला.

१५. आमच्या हॉटेलच्या काउंटरवरच्या ‘ग्रॅनाइट’मध्ये लाटांसारखे पट्टे आहेत. तो नकली आहे का?

फोटो पाहिला. नकली नाही, पण ग्रॅनाइटही नाही. नुसते काळे-पांढरे पट्टे असते तर नीस म्हटलं असतं, म्हणजे दाबाखाली रूपांतरित झालेला खडक. तुमच्या दगडात पट्ट्यांच्या मध्ये गुलाबी-पांढरे, भरड दाण्यांचे पुंजके आहेत आणि प्रत्येक पुंजक्याला काळ्या अभ्रकाची बारीक किनार आहे. याला मिग्मटाइट म्हणतात. प्रश्न ६ मध्ये जो पाझर सांगितला तो इथे सुरू झाला आणि गोळा होऊन वर निघायच्या आत थिजला. फिकट पुंजका म्हणजे सुटलेला रस, काळी किनार म्हणजे न वितळलेला चोथा. कॅश काउंटरच्या डाव्या कोपऱ्याला, बडीशेपेच्या वाटीशेजारी, तीन-चार पुंजके एकमेकांना जोडून बोटभर रुंदीची शीर झालेली आहे. वाटी थोडी सरकवून तेवढा एक फोटो जवळून पाठवा.